काचेवरची रेघ

लॅबमध्ये तिला सगळे बारीकबाई म्हणत. नाव ऐकून ती अंगानं बारीक असेल असा कुणाचा समज झालाच, तर तिला जिना चढताना पाहिल्यावर तो उतरायचा. बारीक होती ती तिची नजर. जुन्या सिनेमाच्या एखाद्या फ्रेमवर डोळ्यात न भरणारा धुळीचा कण असला तरी तो तिला खुपायचा, आणि एकदा खुपला की त्या कणाची धडगत नसायची. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. धूळ, बुरशी, डाग, ओरखडे, सगळं एकेका फ्रेमवरून पुसायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम. अडीच तासांच्या सिनेमाच्या किती होतात हे ज्याला मोजायचं असेल त्यानं खुशाल मोजावं. तिनं कधी मोजलं नाही, नाहीतर पहिल्याच आठवड्यात राजीनामा दिला असता.

त्या सोमवारी नवे साहेब तिच्या टेबलाशी आले ते एक जुनी वही नाचवतच. नवे म्हणजे तसे नवे नव्हेत. येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. पण त्यांच्या आधीचे थोरले साहेब त्या खुर्चीत तीस वर्षं ठाण मांडून बसले होते, त्यामुळे यांचं नवेपण काही केल्या जाईना.

"बाई, घबाड सापडलंय," ते म्हणाले. "दिग्दर्शकाच्या मुलीनं घरातलं कपाट रिकामं केलं. त्यात शूटिंगची वही निघाली. रोजच्या रोज लिहिलेली."

कुठल्या सिनेमाची, हे विचारायची गरज नव्हती. त्या सिनेमाला यंदा पन्नास वर्षं होत होती आणि लॅबमध्ये तीन महिने दुसरा विषय नव्हता. बारीकबाईचा तर तो हक्काचा सिनेमा. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच, तो तिनं एकटीनं साफ केला होता. शिवाय त्याचा कॅमेरामन हा तिचा सासरा. म्हणजे सिनेमा माहेरचाही आणि सासरचाही.

साहेबांनी पान उघडून बोट ठेवलं. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'दृश्य ८१. खिडकी. काच तडकली आहे. बदलायची नाही असं दोघांचं ठरलं. कॅमेरा हलवायचा नाही.'

"दोघांचं म्हणजे दिग्दर्शक आणि तुमचे सासरे," साहेब म्हणाले. "आता मला सांगा, तडा कुठाय?"

"कुठाय?" तिनंही विचारलं.

"तेच तर तुम्हाला विचारायला आलोय."

दोघांनी शॉट लावला. सिनेमातला सगळ्यात गाजलेला शॉट तो. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी कायमचं निघून जातंय, आणि नायिका बंद खिडकीच्या काचेमागे उभी राहून बघतेय. दोन मिनिटं आठ सेकंद. कॅमेरा हलत नाही, बाई हलत नाही. पावणेदोन मिनिटांनी ती एकदा पापणी लववते, एवढंच काय ते घडतं. काच नितळ होती. इतकी नितळ की काच आहे हे सांगावं लागावं.

बारीकबाईला ती रेघ आठवली.

होती एक रेघ. उभी, पांढरट, वरपासून खालपर्यंत. जुन्या फिल्मवर अशा रेघा असतातच. मशीनमधून शेकडो वेळा फिरताना काहीतरी घासतं आणि ओरखडा पडतो. त्या शॉटमध्ये रेघांची जत्राच होती. तिनं एकेक करून सगळ्या पुसल्या. तीन हजार बहात्तर फ्रेम, चार महिने. शेवटची ती एक रेघ फार चिवट निघाली होती, हेही तिला आठवलं. पुसली की पुन्हा कुठेतरी डोकं वर काढायची. आणि शेवटी ती गेली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या, हेही आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

खरं तर ओरखडा कुठला आणि दृश्यातली वस्तू कुठली हे ओळखणं सोपं असतं. लॅबमध्ये कालपरवा आलेल्यालाही ते पाठ असतं. ओरखडा फिल्मवर असतो, म्हणून तो दोन फ्रेमच्या मधल्या काळ्या पट्टीवरूनही सरळ पुढे जातो. काचेचा तडा चित्रात असतो, तो पट्टीपाशी थांबतो. पण त्या वेळी थोरल्या साहेबांनी संगणकातली जागा वाचावी म्हणून कडा छाटूनच स्कॅन करायला लावलं होतं. तिच्या पडद्यावर पट्टी आलीच नाही. तळघरात जाऊन मूळ निगेटिव्ह डोळ्यांनी बघता आली असती. ती गेली नाही. तिला घाई होती.

आणि लॅबचा एक दंडक होता, तोही थोरल्या साहेबांचाच. ज्यांनी सिनेमा काढला त्यांना काही म्हणून विचारायचं नाही. 'माणसं त्यांना हवं ते आठवतात. विचारायचं ते फिल्मला.' याच्या मागे अनुभव होता. एका दिग्दर्शकाला विचारायची चूक केली तर त्यानं म्हातारपणी अर्धा सिनेमा बदलायला लावला होता, शेवटसुद्धा. तेव्हापासून जिवंत माणसाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, असं ठरलं होतं. बारीकबाईला हा दंडक मनापासून पटलेला. त्यात तिचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि सासऱ्यांचा सिनेमा लख्ख करून एके दिवशी अचानक त्यांच्यापुढे ठेवायचा, असा तिचा बेत होता. घरात ती चार महिने त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

ठेवला तो पुढे. लॅबच्या छोट्या थिएटरात नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो सगळा पाहिला आणि उठताना म्हणाले, "एकसुद्धा रेघ ठेवली नाहीस." हे वाक्य तिनं बावीस वर्षं जपलं होतं. नव्या लोकांना शिकवताना वर्गाची सुरुवातच ती या वाक्यानं करायची.

"निगेटिव्ह?" साहेबांनी विचारलं.

"आंबली होती. साफ प्रत झाल्यावर नष्ट केली."

"कच्चं स्कॅन?"

"पुसलं. थोरले साहेब म्हणाले, घर झाडल्यावर केर कुणी जपून ठेवतं का?"

"एखादी जुनी प्रिंट?"

एक होती. बंद पडलेल्या एका थिएटरातून आलेली, गंजक्या डब्यांत. दोघं तळघरात गेले, खिडकीचा शॉट ज्यात होता तो सात नंबरचा डबा काढला. डब्यावर सात लिहिलं होतं आणि आत दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमातली मारामारी होती.

"मग काढा," साहेब म्हणाले.

"काय?"

"तडा. पुसलात तुम्ही, काढाही तुम्हीच. लोकांना मूळ सिनेमा हवाय. मूळ म्हणजे मूळ."

"अहो, पण मी काढलेला तडा मूळ कसा होईल?"

साहेबांनी, अडचणीतून वाट काढणाऱ्या सगळ्याच साहेबांसारखं, पुढचंच बोलायला घेतलं. "चेहऱ्याच्या मधोमध घ्या. पोस्टरवर चांगला दिसेल."

ती घरी आली ती डोकं गरगरत. नवरा कवळ्या बनवायचा, त्याच्या हाताला कायम प्लास्टरचा वास. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यात एवढं काय? मी रोज खोटे दात बसवतो. लोक त्यांनी खरं जेवतात."

"पण ते खोटे आहेत हे त्यांना माहीत असतं ना?"

"असतंच. झोपताना काढून पाण्यात ठेवतात." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "नानांना विचार की."

"नानांना काय विचारू? तुमचा शॉट मी मारला, असं?"

"तू नाही विचारलंस तर मी विचारतो," तो म्हणाला. हे म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच गेली.

नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. तरी सकाळी गॅलरीत बसून वर्तमानपत्र नाकाला लावून वाचायचे, आणि कुठल्याही फोटोखाली कुणाचं नाव आहे हे न बघता उजेड कुठून आलाय तेवढं बघायचे.

"नाना, खिडकीच्या शॉटमध्ये काचेला तडा होता?"

"कुठल्या खिडकीच्या?" पेपरामागून आवाज आला. जसं काही त्यांनी जन्मभर खिडक्याच काढल्या होत्या.

"तुम्हाला माहितीये कुठल्या."

"नव्हता बहुतेक."

"वहीत लिहिलंय."

"वहीत लिहिलंय तर असेल. मग मला कशाला विचारतेस?" आणि पान उलटलं.

ती मुकाट्यानं आत आली. भांडी घासायला घेतली, जी घासलेलीच होती. तासाभरानं नाना स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"लाइटचा स्टँड पडला होता," ते म्हणाले. "माझ्याच हातून. दिग्दर्शक असा तापला, म्हणाला दिवस फुकट घालवलास. काच बदलायला माणूस निघालासुद्धा. तेवढ्यात त्यानं सहज कॅमेऱ्यातून बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, तू बघ. मी बघितलं."

"काय दिसलं?"

"बाई एकच होती गं. पण तड्याच्या अलीकडचा डोळा 'थांब' म्हणत होता आणि पलीकडचा 'जा'. आम्ही काही बोललोच नाही. काच तशीच ठेवली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आठवडाभर दिसलं ते. मग प्रिंटवर रेघा पडायला लागल्या, त्यात मिसळून गेलं. लोक ऑपरेटरला ओरडायचे, ए, रेघ काढ, म्हणून."

"मग मी पुसलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू केवढी खुशीत होतीस."

तिला रडू येतंय असं वाटलं, पण नक्की कशाचं ते कळेना, म्हणून ते आलंच नाही. नाना पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू? स्वच्छ शॉटही छान दिसत होता. मला वाटलं, मुळात असाच काढायला हवा होता की काय."

"मग आता घालू की नको?"

"ते तुझं नि तुझ्या साहेबांचं."

"निदान कुठे होता ते सांगा."

"काचेला होता," नाना म्हणाले. "चहा टाक."

त्यांनी आपल्याला माफ केलंय, की माफ करण्यासारखं काही झालंच नाही असं त्यांना वाटतंय, की दोन्ही नाही, हे तिला चहा उकळून उतू गेला तरी उमगलं नाही. त्यात संध्याकाळी कवळीवाल्यानं वेगळीच बातमी आणली. नाना त्याला म्हणाले होते की स्टँडबिंड काही पडला नव्हता. दिग्दर्शकाची फ्रेम फारच गोडगोड दिसत होती, म्हणून त्यांनी स्वतः पान्यानं काच तडकवली होती. म्हणजे थोरले साहेब म्हणत होते तेच खरं. पण मग कुठलं खरं? पडलेला तडा मूळ की पाडलेला?

साहेबांना असले प्रश्न पडत नव्हते. त्यांना तारीख पाळायची होती. बारीकबाईनं दंडक गुंडाळून ठेवला आणि ज्याला त्याला विचारत सुटली. म्हातारा ऑपरेटर छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, मी त्या सिनेमाचे चारशे खेळ चालवलेत. तडा आडवा होता. डावीकडून उजवीकडे." दिग्दर्शकाची मुलगी, जी तेव्हा सात वर्षांची होती आणि त्या दिवशी सेटवर हजर होती, ती म्हणाली, तडा नव्हताच, पडदा होता, निळा, सिनेमातही निळाच दिसतो. सिनेमा काळापांढरा आहे याची तिला आठवण करून द्यायचं धाडस बारीकबाईला झालं नाही.

स्वतःची आठवणही तिनं उलटीपालटी करून पाहिली. रेघ उभी होती, पांढरट होती, एवढं पक्कं. पण गालावरून जात होती की कानाजवळून? चार महिने तिनं त्या रेघेकडे पाहिलं होतं ते फक्त ती कशी घालवावी म्हणून. ज्याला घालवायचंच आहे त्याचा चेहरा कोण लक्षात ठेवतं?

तरी तिनं तडे काढले. एक मधोमध, एक डाव्या डोळ्याच्या बाहेरून, एक किंचित तिरका. काम फर्मास झालं होतं. उजेड पडला की तड्याची कड चमकायची, बाईनं पापणी लववली की काचेमागची हालचाल तड्यापाशी मोडायची. तिन्ही इतके खरे दिसत होते की तिला भीती वाटायला लागली. उद्या आपल्यानंतर कुणी बारीक नजरेची आली, तर तिलाही यातलं खोटं सापडणार नव्हतं. मशीनला काय, सांगाल तसं होईल.

नानांना तिनं विचारलं, तीनही दाखवते, यातला ओळखाल? ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही," आणि रेडिओ मोठा केला.

साहेबांना मधोमधचा आवडला. त्यांनी जाहिरात देऊन टाकली: 'पन्नास वर्षांनी तडा परत येतोय. मूळ सिनेमा, मूळ रूपात.' शहरभर पोस्टर लागली. त्यावर तडा होता, साहेबांनी वेगळ्या चित्रकाराकडून काढून घेतलेला, चांगला जाडजूड.

थिएटरला प्रत द्यायच्या दिवशी बारीकबाई दोन प्रती समोर ठेवून बसली. एकीत तिनं काढलेला तडा, दुसरीत तिनं पुसलेली काच. इकडे आड, तिकडे विहीर. तडा असलेली प्रत दिली तर आपण लोकांना फसवतो. नसलेली दिली तर आपली जुनी चूक पुन्हा एकदा डोक्यावर घेऊन मिरवतो, आणि नोकरीही जाते. चूक तरी आपली खरी आहे, असं काहीसं तिला शेवटी वाटलं. ते बरोबर होतं का हे तिला माहीत नव्हतं. तिनं नितळ काचेची प्रत दिली आणि साहेबांना काही सांगितलं नाही.

दुपारचा खेळ खच्चून भरला होता. पुढच्या रांगेत साहेब, त्यांच्या मागे बारीकबाई, तिच्या एका हाताला नाना, दुसऱ्या हाताला नवरा. सिनेमा सुरू झाला. ती सिनेमा बघत नव्हती, वेळ मोजत होती. एक तास बावन्न मिनिटांनी खिडकी येणार, मग लोक कुजबुजणार, मग ओरडणार, मग साहेब मागे वळून बघणार.

खिडकी आली.

दहा सेकंद गेले, वीस गेले. डावीकडच्या कोपऱ्यातून एक बाई हलकेच म्हणाली, "तो बघ, तो. दिसला?" "हो," शेजारचा पुरुष म्हणाला. "चेहऱ्याचे दोन भाग केलेत." मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. म्हाताऱ्या ऑपरेटरचा आवाज आला, "सांगितलं होतं ना, आडवा होता म्हणून." साहेब मागे वळले. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "बाई, कमाल केलीत," ते कुजबुजले. "मला वाटलं होतं त्याहून कितीतरी नाजूक काढलात."

बारीकबाईनं डोळे फाडून पडद्याकडे पाहिलं. काच नितळ होती. आपल्यालाच दिसत नाही की काय? आपण चुकून दुसरी प्रत दिली की काय? क्षणभर तिलाही बाईच्या गालाशी काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. मग ते गेलं. नवऱ्याकडे पाहिलं तर तो मान डोलावत होता.

नाना पुढे झुकले होते. पडद्याकडे बघत बघत त्यांनी विचारलं, "कुठाय गं?"

"नाही घातला, नाना," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "साफच प्रत दिली."

पडद्यावर बाई उभी होती. अजून पापणी लवायची होती.

"एकदा विचारायचंस तरी मला," नाना म्हणाले. हळू बोलायचं त्यांना भान राहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. "चार महिने पुसत होतीस. रोज संध्याकाळी घरी येत होतीस, माझ्या समोर बसून जेवत होतीस. मी घरातच होतो."

बावीस वर्षांत ते तिच्यावर कधी रागावले नव्हते. तिला वाटलं होतं, रागावले तर आपण कोसळून पडू. तसं काही झालं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुठेतरी जमीन लागल्यासारखं वाटलं, आणि ती जमीन दुखत होती.

"चुकलं माझं, नाना," ती म्हणाली. "आता विचारते. कुठे होता? दाखवा मला. मी लक्षात ठेवीन."

नानांनी हात उचलला. बोट पडद्याकडे गेलं, बाईच्या कपाळापाशी थांबलं, मग जरा डावीकडे सरकलं. तिथून खाली येऊ लागलं. मग अडखळलं. पुन्हा वर गेलं, उजवीकडे वळलं, आणि हवेतच राहिलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा बोट धरलं. पडद्यावरच्या बाईनं पापणी लववली.

"थांब हं," नाना म्हणाले. "इथेच होता."

तोवर दृश्य बदललं.